गोलीय आरसे आणि प्रतिमेचं अंतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोलीय आरशांच्या गणितांबद्दल जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. बहुतेक उदाहरणांत मुद्दाम एकच आरसा घेतला आहे : नाभीय अंतर (आरशापासून नाभीपर्यंतचं, म्हणजे समांतर आलेले किरण परावर्तनानंतर जिथे जुळतात किंवा जुळल्यासारखे वाटतात त्या बिंदूपर्यंतचं अंतर) २० सेमी. आरसा तोच ठेवायचा आणि वस्तू तेवढी पुढेमागे सरकवायची. असा एक आरसा अंगवळणी पडला की चुकीचं उत्तर नुसतं बघूनच खटकायला लागतं, आणि मला वाटतं या प्रकरणात तेच खरं कमवायचं असतं.

१. यू, व्ही, एफ म्हणजे काय आणि अंतर नेमकं कुठून मोजायचं?

यू म्हणजे वस्तूचं अंतर, व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर, एफ म्हणजे नाभीय अंतर. तिन्ही अंतरं आरशाच्या ध्रुवापासून, म्हणजे मुख्य अक्ष आरशाला जिथे भेटतो तिथून मोजायची. वक्रता त्रिज्या आर (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या; त्या गोलाचा मध्य म्हणजे वक्रता केंद्र) दिली असेल तर एफ तिच्या निम्मा.

गणितात कधी कधी ‘वस्तू नाभीपासून १० सेमीवर आहे’ असं लिहिलेलं असतं. तो १० थेट यू म्हणून भरू नका. आपल्या अंतर्वक्र (आत खोलगट) आरशात नाभी २० सेमीवर आहे, म्हणजे वस्तू ध्रुवापासून ३० सेमीवर असेल किंवा १० सेमीवर. नाभीच्या कोणत्या बाजूला आहे, ते गणितात शोधा.

२. सूत्र पाठ आहे, पण ते येतं कुठून?

१/व्ही + १/यू = १/एफ. हे दोन ओळींत सिद्ध होतं आणि एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघावं.

अक्षावरच्या एका बिंदूतून निघालेला किरण अंतर्वक्र आरशावर अक्षापासून एच उंचीवर आदळला असं समजा. त्या ठिकाणी आरशाला लंब असलेली रेषा म्हणजे वक्रता केंद्रातून आलेली त्रिज्या. आपाती किरण अक्षाशी अल्फा कोन करतो, त्रिज्या बीटा कोन करते, परावर्तित किरण गॅमा कोन करतो. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे, म्हणून त्रिज्या बरोबर मधोमध येते : अल्फा + गॅमा = २ × बीटा. कोन लहान असतील तर अल्फा साधारण एच/यू, गॅमा एच/व्ही आणि बीटा एच/आर. म्हणून एच/यू + एच/व्ही = २एच/आर.

आता एच दोन्ही बाजूंनी निघून जातो. मला या सिद्धतेतली सगळ्यात सुंदर जागा हीच वाटते. किरण आरशावर कितीही उंचीवर आदळला तरी अक्षावर त्याच बिंदूत येतो, आणि सगळे किरण एकाच बिंदूत येतात म्हणून तर तिथे प्रतिमा तयार होते. ‘कोन लहान असतील तर’ ही अट मात्र विसरू नका. ती प्रश्न १७ मध्ये परत येणार आहे.

३. चिन्हं कशी द्यायची? दर वेळी गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ध्रुव हा शून्य माना. आरशाकडे येणारा प्रकाश ज्या दिशेने चालला आहे ती धन दिशा, तिच्या उलट ती ऋण. आकृतीत वस्तू कायम डावीकडे ठेवली की हाच नियम शाळेतल्या आलेखासारखा होतो : उजवीकडे धन, डावीकडे ऋण, अक्षाच्या वर धन, खाली ऋण. वस्तू आरशासमोर असते, म्हणून यू ऋण. अंतर्वक्र आरशाची नाभी समोर असते, म्हणून एफ ऋण. बहिर्वक्राची (बाहेर फुगीर आरशाची) नाभी आरशामागे, म्हणून एफ धन. गणितात नुसतं ‘नाभीय अंतर २० सेमी’ लिहिलेलं असलं तरी आरशाच्या नावावरून चिन्ह आपणच द्यायचं.

माझे नियम दोनच आहेत. पहिला, चिन्ह फक्त आकड्याला द्यायचं, सूत्राला कधीच नाही. दुसरा, जी राशी शोधायची आहे तिला आधी चिन्ह द्यायचंच नाही, ते उत्तरातून आपोआप येतं.

एका विद्यार्थिनीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. यू = −३०, एफ = −२०, इथवर सगळं ठीक. पुढच्या ओळीत तिने ‘यू तर ऋण असतो’ म्हणून सूत्रच १/व्ही − १/यू असं करून घेतलं आणि त्यात पुन्हा −३० भरला. दोन ऋण मिळून धन झालं आणि उत्तर आलं व्ही = −१२. आकडेमोड तंतोतंत बरोबर होती, पण उत्तर अशक्य. खऱ्या वस्तूची वास्तव (पडद्यावर घेता येईल अशी) प्रतिमा अंतर्वक्र आरशाच्या नाभी आणि ध्रुवाच्या मध्ये कधीच पडत नाही. नाभी २० सेमीवर असताना १२ सेमीवर वास्तव प्रतिमा आली म्हणजे मागे कुठेतरी चिन्ह दोनदा लागलं आहे. बरोबर उत्तर खाली.

४. गणित सोडवायची नेमकी पद्धत सांगा.

आधी आकृती, मग अंदाज, मग आकडे. आकृती कच्ची चालेल : एक अक्ष, ध्रुव, नाभी, वक्रता केंद्र आणि वस्तूचा बाण. दोन किरण पुरतात. अक्षाला समांतर गेलेला नाभीतून परततो आणि नाभीतून गेलेला समांतर परततो.

उदाहरण : अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. वस्तू नाभी (२०) आणि वक्रता केंद्र (४०) यांच्या मध्ये आहे. दोन किरण काढले की दिसतं, प्रतिमा केंद्राच्या पलीकडे, उलट आणि मोठी. म्हणजे व्ही ऋण आणि ४० पेक्षा मोठा यायला हवा. हा अंदाज समासात लिहून ठेवा.

१/व्ही = १/एफ − १/यू = −१/२० + १/३० = −१/६०
व्ही = −६० सेमी

अंदाजाशी जुळलं. विशालन (प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची) = −व्ही/यू = −(−६०)/(−३०) = −२. ऋण चिन्ह म्हणजे प्रतिमा उलट, २ म्हणजे दुप्पट उंच. व्ही ऋण म्हणजे प्रतिमा आरशासमोर, म्हणजेच वास्तव, पडद्यावर घेता येण्यासारखी. उत्तर लिहिताना ‘आरशासमोर ६० सेमीवर’ असं शब्दांत लिहा. नुसतं −६० लिहून सोडू नका.

५. व्ही = −१/६० असं उत्तर आलं. चुकलं कुठे?

शेवटचा व्यस्त घ्यायचा राहिला. सूत्रातून हाती येतो तो १/व्ही, व्ही नव्हे. ही चूक फार होत असेल तर आधीच मांडणी बदलून घ्या : व्ही = (यू × एफ) / (यू − एफ). आपले आकडे भरले तर ६००/(−१०) = −६०. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे १/२० आणि १/३० ची बेरीज १/५० करणं. ती चिन्हांची चूक नसते, अपूर्णांकांची असते, आणि तिच्यावर थोडा अपूर्णांकांचाच सराव करावा लागतो.

६. अंतर्वक्र आरशाचा वस्तू-प्रतिमा तक्ता पाठ करायचा का?

नको. आपल्या आरशासमोर वस्तू लांबून जवळ आणत चला आणि प्रतिमेकडे बघत राहा.

फार लांबची वस्तू : प्रतिमा नाभीवर, २० सेमीवर. वस्तू ६० वर आली की प्रतिमा ३० वर. वस्तू ४० वर, म्हणजे वक्रता केंद्रावर, तर प्रतिमाही ४० वर, तेवढ्याच उंचीची, उलट. वस्तू ३० वर तर प्रतिमा ६० वर. इथवर वस्तू अर्ध्या अंतरावर आली आणि प्रतिमा दुप्पट लांब गेली. इथून पुढे मात्र प्रतिमा सुसाट निघते : वस्तू २५ वर तर प्रतिमा १०० वर, २२ वर तर २२० वर, २१ वर तर ४२० वर. शेवटच्या एका सेंटिमीटरमध्ये प्रतिमा दोन मीटर सरकली. मग वस्तू नाभी ओलांडते आणि प्रतिमा एकदम आरशामागे उगवते, सुलट आणि मोठी. वस्तू १५ वर असताना व्ही = +६०, विशालन +४. वस्तू १० वर असताना व्ही = +२०, विशालन +२. वस्तू आरशाला टेकत आली की प्रतिमाही मागून टेकत येते आणि विशालन १ कडे जातं.

दाढीचा किंवा मेकअपचा मोठं दाखवणारा आरसा हाताशी असेल तर आताच बघा. जवळून चेहरा मोठा आणि सुलट दिसतो. हळूहळू मागे सरकत गेलात की चेहरा पसरतो, कडा विरघळतात आणि एका जागी आरशात ओळखू येण्यासारखं काहीच उरत नाही. तिथे तुम्ही नाभीच्या आसपास असता. आणखी बरंच मागे गेलात की चेहरा उलटा होऊन परत येतो. पाठांतरापेक्षा हे पाच मिनिटांत पक्कं बसतं.

७. बहिर्वक्र आरशात काय बदलतं?

फक्त एफचं चिन्ह. वस्तू ३० सेमीवर, एफ = +२० : १/व्ही = १/२० + १/३० = ५/६०, म्हणून व्ही = +१२ सेमी, विशालन +०.४. समोर खरी वस्तू असेल तर बहिर्वक्र आरशाची प्रतिमा नेहमी ध्रुव आणि नाभीच्या मध्ये, आभासी (आरशामागे दिसणारी, पडद्यावर न मिळणारी), सुलट आणि लहान. व्ही २० पेक्षा मोठा किंवा ऋण आला की थांबा आणि चिन्हं तपासा. अपवाद एकच आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

८. वस्तू बरोबर नाभीवर ठेवली की कॅल्क्युलेटर चूक दाखवतो. उत्तर काय लिहू?

१/व्ही = ० येतं, म्हणून कॅल्क्युलेटर अडतो. भौतिकशास्त्र अडत नाही. परावर्तित किरण एकमेकांना समांतर जातात, म्हणून ‘प्रतिमा अनंत अंतरावर’ असं लिहा. हेच उलट वापरून शोधदिवा बनतो : दिवा नाभीवर, झोत समांतर.

९. ‘दुप्पट मोठी प्रतिमा’ एवढंच दिलंय. विशालन +२ घेऊ की −२?

प्रतिमा वास्तव की आभासी, किंवा पडद्यावर मिळाली का, हे गणितात सांगितलं असेल तर त्यावरून ठरवा. वास्तव असेल तर −२, आभासी असेल तर +२. काहीच सांगितलं नसेल तर दोन्ही उत्तरं द्यावी लागतात, आणि ती दोन्ही बरोबर असतात.

विशालन −२ : व्ही = २यू. सूत्रात भरून ३/(२यू) = −१/२०, यू = −३०.
विशालन +२ : व्ही = −२यू. सूत्रात भरून १/(२यू) = −१/२०, यू = −१०.

बहिर्वक्र आरसा दिला असेल तर समोरच्या खऱ्या वस्तूची दुप्पट प्रतिमा शक्यच नाही.

१०. वस्तू आणि प्रतिमा यांच्यातलं अंतर ३० सेमी आहे. मित्राचं उत्तर ६०, माझं ३०, पुस्तकात १०. खरं कोणाचं?

तिघांचं. हा प्रश्न मला मनापासून आवडतो. आरसा आपलाच, अंतर्वक्र, एफ = −२०.

वस्तू ३० वर असेल तर प्रतिमा ६० वर, अंतर ३०. वस्तू ६० वर असेल तर प्रतिमा ३० वर, अंतर पुन्हा ३०. किरणांची वाट उलटी चालली तरी तीच राहते, म्हणून ही जोडी निघते. आणि वस्तू १० वर असेल तर प्रतिमा आरशामागे २० वर, मधलं अंतर १० + २० = ३०.

समीकरणातही हे स्वच्छ दिसतं. प्रतिमा वस्तूपेक्षा आरशाच्या बाजूला आहे असं मानलं आणि वस्तूचं आरशासमोरचं अंतर ए (म्हणजे यू = −ए) घेतलं, तर ए² − ७०ए + ६०० = ०, म्हणून ए = १० किंवा ६०. प्रतिमा वस्तूच्या मागच्या बाजूला मानली तर ए² − १०ए − ६०० = ०, म्हणून ए = ३० किंवा −२०. हा −२० खोडण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघा. तो समोरच्या खऱ्या वस्तूला लागू नाही, पण निरर्थकही नाही. त्याचा अर्थ प्रश्न १५ मध्ये कळेल. ‘प्रतिमा वास्तव आहे’ असं दिलं असेल तर १० गळतो, ‘मोठी आणि वास्तव’ म्हटलं तर ३० एकटाच उरतो.

११. दुसऱ्या पुस्तकात यू धन घेतलाय. कोणतं पुस्तक चूक?

कोणतंच नाही. काही पुस्तकं ‘वास्तव ते धन, आभासी ते ऋण’ हा संकेत वापरतात. त्यात अंतर्वक्राचा एफ धन आणि बहिर्वक्राचा ऋण असतो. प्रतिमेची जागा दोन्हींत तीच येते. एका गणितात दोन संकेत मिसळले तरच घात होतो.

१२. भिंगाच्या सूत्रात वजा आणि आरशाच्या सूत्रात अधिक, असं का?

प्रकाश भिंगातून पुढे जातो आणि आरशावरून मागे फिरतो, म्हणून. भिंगाची वास्तव प्रतिमा पलीकडे पडते (व्ही धन), आरशाची अलीकडे (व्ही ऋण). म्हणून भिंगासाठी १/व्ही − १/यू = १/एफ आणि विशालन व्ही/यू. आरशासाठी अधिक, आणि विशालनात जादा ऋण चिन्ह.

१३. अर्धा आरसा कागदाने झाकला तर अर्धी प्रतिमा दिसेल का? आणि आरसा पाण्यात बुडवला तर?

अर्धा झाकला तरी प्रतिमा पूर्णच मिळते, त्याच जागी, फक्त अंधूक. वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण आरशाच्या सगळ्या भागांवर पडतात, त्यातले निम्मे उरले तरी बिंदू जुळतोच. पाण्यात आरशाचं नाभीय अंतर बदलत नाही, कारण परावर्तनाचा नियम माध्यमावर अवलंबून नाही. भिंगाचं मात्र बदलतं.

१४. पेन्सिल अक्षावर आडवी ठेवली आहे. विशालनाने गुणलं तर उत्तर चुकतं.

कारण −व्ही/यू हे विशालन उंचीसाठी आहे, अक्षाच्या दिशेतल्या लांबीसाठी नाही. दोन्ही टोकांची प्रतिमा वेगळी काढा. १० सेमी पेन्सिल ३० पासून ४० पर्यंत असेल, तर ४० वरच्या टोकाची प्रतिमा ४० वर आणि ३० वरच्या टोकाची ६० वर. प्रतिमेची लांबी २० सेमी. पडताळा : दोन टोकांची विशालनं १ आणि २, त्यांचा गुणाकार गुणिले १० = २०.

वस्तू अगदीच छोटी असेल तर दोन्ही टोकांचं विशालन एकच धरता येतं आणि लांबी विशालनाच्या वर्गाने गुणली जाते. वेगाच्या गणितांतही हाच वर्ग लागतो. ६० सेमीवरची वस्तू सेकंदाला ४ सेमी वेगाने आरशाकडे येत असेल, तर तिथे विशालन −०.५, म्हणून प्रतिमा सेकंदाला ४ × ०.२५ = १ सेमी वेगाने आरशापासून दूर जाते. तीच वस्तू ३० वर पोचेल तेव्हा प्रतिमेचा वेग १६ होतो. प्रश्न ६ मध्ये प्रतिमा सुसाट का निघाली, ते इथे कळतं.

१५. यू धन असू शकतो का?

हो, वस्तू आभासी असेल तर. किरण आरशामागच्या एखाद्या बिंदूकडे एकवटत चालले असतील आणि तिथे पोचण्याआधीच वाटेत आरसा आला, तर तो मागचा बिंदू ही आभासी वस्तू. प्रश्न १० मधला −२० हाच होता. आपला बहिर्वक्र आरसा, यू = +१० : १/व्ही = १/२० − १/१० = −१/२०, व्ही = −२०. बहिर्वक्र आरशाची वास्तव प्रतिमा. ‘बहिर्वक्र म्हणजे नेहमी आभासी’ असं पाठ केलेले इथे हमखास फसतात.

दोन आरशांच्या गणितात ही स्थिती सहज येते. अंतर्वक्र आरशासमोर ३० सेमीवर छोटी वस्तू, प्रतिमा ६० वर पडायची आहे. पण ४५ सेमीवर त्याच्याकडे तोंड करून सपाट आरसा उभा केला. किरण सपाट आरशामागे १५ सेमीवर जुळायला निघालेले, म्हणून सपाट आरशासाठी ती आभासी वस्तू, आणि तो प्रतिमा स्वतःसमोर १५ सेमीवर देतो. ४५ − १५ = ३०. प्रतिमा थेट वस्तूच्याच जागी येते, पण उलटी. दुसऱ्या आरशाकडे वळलात की ध्रुव नवा आणि धन दिशाही नवी, एवढं लक्षात ठेवा.

१६. गाडीच्या बाजूच्या आरशात वस्तू लांब दिसतात म्हणे. पण सूत्राने प्रतिमा तर जवळ येते!

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. समजा आरसा बहिर्वक्र, एफ = +१ मीटर, मागची गाडी १० मीटरवर. १/व्ही = १ + ०.१ = १.१, म्हणून प्रतिमा आरशामागे फक्त ०.९१ मीटरवर, आणि विशालन ०.०९. जागेने प्रतिमा खरंच जवळ आहे, पण ती इतकी आक्रसलेली आहे की डोळ्याशी फार लहान कोन करते. डोळा आरशापासून अर्ध्या मीटरवर असेल तर ती गाडी १५ मीटरहून लांब उभी असावी इतकी लहान दिसते. सपाट आरशात ती १०.५ मीटरवरची वाटली असती. गाडीचा आकार आपल्याला ओळखीचा असतो, म्हणून लहान दिसली की मेंदू तिला लांब समजतो. गणितात ‘प्रतिमेचं अंतर’ विचारलं तर उत्तर ०.९१ मीटरच.

१७. प्रयोगात पडदा सूत्राच्या जागी नेला तरी प्रतिमा स्पष्ट होत नाही. का?

आधी मोजपट्टी ध्रुवापासूनच लावली आहे का बघा. जाड काचेच्या, मागून मुलामा दिलेल्या आरशात परावर्तक पृष्ठभाग काचेच्या मागे असतो, त्याने काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात.

खरं कारण बहुतेक वेळा प्रश्न २ मधली लहान कोनांची अट असते. आपल्या आरशाची त्रिज्या ४० सेमी. अक्षापासून ४ सेमीवर आदळलेला समांतर किरण ध्रुवापासून १९.९ सेमीवर अक्ष ओलांडतो, म्हणजे चूक एका मिलिमीटरची. २० सेमीवर आदळलेला किरण मात्र १६.९ सेमीवरच ओलांडतो. काठाचे किरण आणि मधले किरण वेगवेगळ्या जागी जुळतात, म्हणून पडदा कुठेही ठेवला तरी प्रतिमा धूसर. याला गोलीय विपथन म्हणतात. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा कडेला जेमतेम २ मायक्रोमीटर जास्त सपाट घासला गेला होता. तेवढ्याने हाच दोष शिरला आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांना तिथे जाऊन दुरुस्ती करावी लागली.

तुम्हाला काळा कागद पुरेल. त्याला मधोमध गोल भोक पाडा, आरशाच्या काठावर बसवा आणि पडदा पुन्हा सरकवा. प्रतिमा अंधूक होईल, पण मेणबत्तीच्या ज्योतीचं टोक रेखीव दिसायला लागेल, आणि व्ही सूत्राच्या उत्तराशी जुळेल.